‘जेलस’चं मूळ, आणि मराठीत त्याला काय म्हणायचं

एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात शेक्सपिअरचा ‘ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज’ हा उतारा आहे. माणसाच्या सात अवस्था सांगताना त्यात एक दाढीवाला शिपाई येतो आणि त्याचं वर्णन ‘जेलस इन ऑनर’ असं येतं. डिक्शनरीत जेलस म्हणजे मत्सरी, हेवेखोर. मग हा शिपाई जळतो तरी कुणावर? त्याला जोडून आणखी दोन शंका: जेलसी आणि एन्व्ही यांत फरक काय, आणि जेलस हा शब्द आपल्या ‘जळणे’वरूनच तिकडे गेला असं क्लासच्या सरांनी सांगितलं, ते खरं का?

सरांचं आधी निकालात काढू. खरं नाही. ‘जळणे’ हे संस्कृत ‘ज्वल्’ धातूवरून आलं आणि जेलस आला ग्रीक ‘झेलॉस’वरून. दोन्हींच्या तोंडी ज आहे हा निव्वळ योगायोग, आणि तोही उशिरा घडलेला, कारण जेलसमधला ज मुळात झ होता. लॅटिनने ग्रीकांकडून तो शब्द घेतला तेव्हा ‘झेलुस’ म्हणजे आवेश आणि ‘झेलोसुस’ म्हणजे आवेशाने भरलेला. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये या झचा ज होऊ लागला. इटालियनमध्ये ‘जेलोझो’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘जेलोस’, ‘जालोस’, आणि तिथून साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजीत. आल्याच्या बाबतीतही नेमकं हेच झालं. प्राकृतातलं ‘सिंगिवेर’, म्हणजे संस्कृतातलं शृंगवेर, ग्रीकांनी ‘झिंगिबेरिस’ केलं, लॅटिनने ‘झिंगिबेर’, आणि फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत येईस्तोवर त्याचं ‘जिंजर’ झालं. सरांना भारतातून युरोपात गेलेला शब्द मुलांना सांगायचाच असेल तर चहातलं आलं सांगावं. तिथे पुरावा आहे.

गंमत पुढेच आहे. सोळाव्या शतकात इंग्रजी पंडितांनी तोच ‘झेलोसुस’ पुन्हा एकदा, या खेपेला थेट लॅटिन पोथीतून उचलला. बोलीची झीज न झाल्यामुळे त्याचा झ शाबूत राहिला, आणि झाला ‘झेलस’: उत्साही, तळमळीचा, आवेशाने काम करणारा. म्हणजे जेलस आणि झेलस हे एकाच आईचे दोन मुलगे. मराठी शाळेत शिकलेल्याला हे समजायला अवघड नाही. क्षेत्र आणि शेत, चक्र आणि चाक हे आपण तत्सम-तद्भव म्हणून घोकलेले असतात. झेलस तत्सम, जेलस तद्भव. आणि तद्भव शब्द माणसांत जास्त वावरतो, त्यामुळे त्याला जास्त डाग पडतात.

आता मूळ ‘झेलॉस’चा अर्थ. ग्रीकांकडे तो काही वाईट शब्द नव्हता. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या देवांच्या वंशावळीत झेलॉस नावाचा एक देवच आहे, आणि त्याची बहीण कोण, तर नाइकी, विजयाची देवी. हो, बुटांवरची तीच. अ‍ॅरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’ या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात झेलॉस आणि ‘फ्थोनोस’ यांना मुद्दाम शेजारी बसवून फरक सांगितला आहे. आपल्यासारख्याच माणसाला काही चांगलं मिळालेलं बघून दोघांनाही त्रास होतो. पण फ्थोनोसवाल्याला त्रास होतो तो त्याच्याकडे आहे म्हणून, आणि झेलॉसवाल्याला आपल्याकडे नाही म्हणून. पहिला दुसऱ्याचं जावं म्हणून धडपडतो, दुसरा आपल्याला मिळावं म्हणून. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते झेलॉस ही भल्या माणसांची भावना. हायवेवर तुम्ही हे सगळं वाचलेलं आहे. ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं: ‘जलो मत, बराबरी करो’. बराबरी म्हणजे झेलॉस, जलना म्हणजे फ्थोनोस.

या आवेशाच्या शब्दाला राखणदारीचा अर्थ चिकटला तो मुख्यतः बायबलमुळे. दहा आज्ञांमध्ये देव सांगतो, माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या पाया पडू नका, कारण मी... इथे हिब्रूत ‘कन्ना’ असा शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी झेलॉसच्या घरातलाच ‘झेलोतेस’ वापरला, लॅटिन बायबलने तो तसाच ठेवला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात तो ‘अ जेलस गॉड’ झाला. देवाला मत्सर कुणाचा वाटणार? त्याच्यावर कुणी आहेच कुठे? ज्या लोकांना त्याने आपलं म्हटलं ते दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नयेत, ही त्याची जागरूकता आहे. येशूच्या बारा शिष्यांतल्या एका शिमोनाच्या नावापुढेही हाच शब्द लागतो, आणि रोमन सत्तेविरुद्ध इसवी सन ६६ नंतर जे ज्यू बंड झालं त्यातल्या कडव्या गटाचं नावही हेच. इंग्रजीतला ‘झेलट’ तिथूनच आला.

म्हणजे शब्दाच्या पोटात सुरुवातीपासून दोन गोष्टी आहेत: आवेश, आणि जे आपलं आहे ते जपण्याची धडपड. ज्याच्यावर जीव, त्याच्यावर पहारा. यातून प्रियकर-प्रेयसीचा, नवरा-बायकोचा जेलस निघायला कितीसा वेळ लागणार! पण हा जेलस मराठीत आणताना ‘मत्सर’ लिहिलं की फसलंच.

मी फसलेलो आहे. तीस वर्षं भाषांतराच्या धंद्यात आहे, पण पहिलीच कादंबरी केली तेव्हा त्यात एक ‘जेलस हजबंड’ होता. बायको बाजारातून अर्धा तास उशिरा आली की दारात उभा राहून घड्याळ बघणारा. मी बेधडक लिहिलं, ‘मत्सरी नवरा’. प्रकाशकाकडे हस्तलिखित तपासायला एक निवृत्त शिक्षक यायचे. धोतर, काळी टोपी, तांबडी पेन्सिल. त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: ‘मत्सर कुणाचा? बायकोला पगार जास्त आहे काय?’ खाली पुन्हा एक ओळ: ‘आपल्याकडे याला संशयी म्हणतात. देवलांना विचारा.’

ती पानं मी अजून ठेवली आहेत.

देवलांना विचारा, हे अगदी बरोबर होतं. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं, ते १८९० सालचं. फ्रेंच नाटककार मोलिएरचं १६६० मधलं एक छोटं प्रहसन इंग्रजी नाटकाच्या वाटेने त्यांच्याकडे आलं, त्याचं त्यांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ केलं आणि मग १९१६ साली रंगभूमीवर आलं ते संगीत ‘संशयकल्लोळ’. रस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ते फाल्गुनराव बघतो. झालं, दोघंही पेटली. हा सगळा मामला इंग्रजीत जेलसीचा आहे, आणि देवलांनी नावात कुठेही मत्सर आणला नाही. संशय आणला. मराठी माणूस बायकोवर मत्सर करत नाही, संशय घेतो. दोन बायकांचा मामला असेल तर आणखी नेमका शब्द तयार आहे: सवतीमत्सर. त्यात मत्सर आहे खरा, पण पुढे सवत उभी केल्याशिवाय तो हा अर्थ देत नाही. पारिजातक सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या, ही गोष्ट आपल्याला लहानपणीच सांगितलेली असते. तिथे दुःख फुलांचं कमी आणि कृष्णाचं जास्त.

‘ऑथेल्लो’तच कपटी इयागोच्या तोंडी ते प्रसिद्ध ‘हिरव्या डोळ्यांचं भूत’ आहे. जेलसीपासून सांभाळा, असं तो मानभावीपणे सांगतो आणि त्याच बोलण्यातून ती पेरतो. त्याच्याही आधी शेक्सपिअरने ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शियाच्या तोंडी ‘ग्रीन-आइड जेलसी’ घातली होती. तेव्हापासून इंग्रजीत हिरवा रंग या भावनेला कायमचा लागला. मराठीत या भावनेला रंग नाही, तिला जागा आहे: पोट. दुसऱ्याचं चांगलं झालं की आपल्याकडे पोटात दुखतं.

आता एन्व्ही. हा लॅटिन ‘इन्विदिया’वरून फ्रेंचमार्गे आला. ‘इन्’ म्हणजे वर किंवा विरुद्ध, आणि ‘विदेरे’ म्हणजे बघणे. वाकड्या नजरेने बघणे, एखाद्याच्या चांगल्यावर डोळा लावणे. या ‘विदेरे’चं आणि आपल्या ‘विद्’ धातूचं मूळ एकच, त्यामुळे एन्व्ही, व्हिडिओ आणि वेद हे लांबचे भाऊबंद ठरतात. इटालियन कवी दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’त पापक्षालनाच्या डोंगरावर या पापाची शिक्षा काय दिली आहे बघा: त्या लोकांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. ज्या डोळ्यांनी पाप केलं ते बंद. आपल्याकडे आजी बाळावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकते आणि तडतडल्या की ‘बघ, केवढी लागली होती’ म्हणते, ती इन्विदियाच उतरवत असते. पुन्हा ट्रककडेच जायचं तर ‘बुरी नजरवाले, तेरा मुंह काला’ हे एन्व्हीचं तंतोतंत भाषांतर आहे, व्युत्पत्तीसकट.

दोन्हींतला फरक मी नवीन भाषांतरकारांना असा सांगतो, की आधी माणसं मोजा. एन्व्हीत दोघे पुरतात: मी, आणि ज्याच्याकडे ते आहे तो. जेलसीला तिघे लागतात: मी, माझं माणूस, आणि मध्ये येऊ बघणारा. एन्व्हीत हात रिकामा असतो. जेलसीत हातात काहीतरी आहे आणि ते निसटेल ही धास्ती. घरात दुसरं बाळ आलं की थोरलं तीन वर्षांचं पोर आईच्या मांडीवरून त्याला ढकलायला लागतं, ती शुद्ध जेलसी. त्याला बाळाचा मत्सर वाटतो असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. ‘वाटेकरी आलाय ना त्याला’ म्हणतात, आणि मला तर या प्रकरणात वाटेकरी हाच सगळ्यात नेमका शब्द वाटतो.

अडचण अशी, की इंग्रजी बोलणाऱ्यांनी स्वतःच ही मोजणी सोडून दिली आहे. कुणी मालवणच्या किनाऱ्यावरचा फोटो टाकला की खाली ‘सो जेलस!’ येतं. तिथे तिसरा माणूस नाही, संशय नाही, धड मत्सरही नाही. जेलसने एन्व्हीची जागा बळकावली आहे, आणि तीही आज नव्हे. हा सैल वापर शतकानुशतकं चालू आहे. त्यामुळे ‘ते चूक आहे’ म्हणून मुलीच्या अंगावर ओरडू नये. मात्र मराठीत आणताना ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं लिहिलं तर मैत्री तुटायची वेळ येईल. तिथे मराठी माणूस म्हणतो, ‘मजा आहे बुवा तुझी!’ फार तर ‘हेवा वाटतो’. हेव्यात विष नाही. ‘हेवा वाटावा असा संसार’ हे आपण कौतुकाने म्हणतो. त्याच हेव्याच्या पाठीला दावा बांधून हेवेदावे केले की मात्र प्रकरण भाऊबंदकीपर्यंत जातं.

मराठीच्या बाजूलाही शब्द एका जागी बसलेले नाहीत. मत्सर घ्या. षड्रिपूंतला शेवटचा, सगळ्यांत घुमा. पण ऋग्वेदात ‘मत्सर’ हे सोमरसाचं विशेषण आहे: धुंद करणारा, उल्हास आणणारा. ‘मद्’ धातूवरूनचा, म्हणजे षड्रिपूंत त्याच्या आधी बसलेल्या मदाचा सख्खा. आधी आवेश, मग जळफळ. ‘झेलॉस’चा जेलस होताना जे झालं तेच इथेही झालं, आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही बघितलेलं नाही.

असूया वेगळी. अमरकोशात एका ओळीत तिचा आणि ईर्ष्येचा निवाडा आहे: ‘अक्षान्तिरीर्ष्यासूया तु दोषारोपो गुणेष्वपि’. ईर्ष्या म्हणजे सहन न होणं. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढणं. शेजारणीच्या पुरणपोळ्या सगळ्यांनी वाखाणल्यावर ‘हो, पण तूप जरा जास्तच सोडते ना ती’ हे जे ऐकू येतं, ती असूया. म्हणून अनसूया हे नाव इतकं मोठं आहे.

आणि ईर्ष्या! हा शब्द मराठीत आल्यावर त्याने जी कोलांटी मारली ती मला सगळ्यांत आवडते. हिंदीत आजही ईर्ष्या म्हणजे जळणं. मराठीत मात्र आपण ‘दोन्ही संघ ईर्ष्येने खेळले’ म्हणतो, ‘पोरगी ईर्ष्येला पेटली आणि पहिली आली’ म्हणतो, आणि त्यात निंदा नसते. असलाच तर अभिमान असतो. जिद्द, चुरस, बरोबरी. ग्रीक झेलॉस उतरणीला लागून जेलस झाला. संस्कृत ईर्ष्या मराठीत चढाला लागून झेलॉस झाली. हिंदीतून मराठीत भाषांतर करणारे इथे हमखास पाय घसरून पडतात, कारण शब्द दोन्हीकडे दिसतो सारखाच. मराठी बायबलात दहा आज्ञांतल्या त्या ठिकाणी ‘ईर्ष्यावान देव’ असं आहे. पुष्कळांना ते खटकतं. मला ते ‘मत्सरी देव’पेक्षा शंभर पटींनी बरं वाटतं. त्यात जुना अर्थही आहे आणि मराठी कानाला लागणारा आवेशही.

एक आडवळण घेतो. फ्रेंचमध्ये जेलसीला ‘जालूझी’ म्हणतात, आणि आडव्या तिरप्या पट्ट्यांच्या खिडकीच्या झडपेलाही जालूझीच म्हणतात. इटालियनमधून आलेला अर्थ आहे हा. आतल्या माणसाला बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला आतलं दिसू नये, म्हणून घरातल्या बायकांच्या खिडक्यांना अशा जाळ्या. स्पॅनिशमध्येही ‘सेलोस’ म्हणजे जेलसी आणि ‘सेलोसिया’ म्हणजे जाळीची खिडकी. आपल्या गिरगावातल्या, फोर्टातल्या जुन्या इमारतींना अशाच लाकडी पट्ट्यांच्या झडपा असतात, आपण त्यांना झिलमिली म्हणतो. झिलमिलीचा आणि जालूझीचा शब्द म्हणून काही संबंध नाही, वस्तू तेवढी सारखी. संशयी नवऱ्याचं नाव खिडकीला द्यावं ही कल्पना मात्र देवलांनाही आवडली असती.

या राखणदारीच्या अर्थाचे काही अवशेष आजच्या इंग्रजीतही शिल्लक आहेत, आणि पाठ्यपुस्तकांत, अग्रलेखांत, कायद्याच्या कागदांत तेच जास्त भेटतात. ‘जेलसली गार्डेड’ मसाल्याची रीत म्हणजे मत्सराने राखलेली रीत नव्हे. जिवापाड जपलेली, सुनेलासुद्धा न सांगितलेली रीत. एखादं गाव ‘जेलस ऑफ इट्स राइट्स’ असेल तर ते हक्कांवर जळत नाही, हक्काला कुणाला हात लावू देत नाही. मागे एका अर्जाच्या भाषांतरात मी ‘आपल्या हक्कांचा मत्सर करणारे ग्रामस्थ’ असं वाचलं आहे. ते तसंच सहीशिक्क्यानिशी पुढे गेलं होतं.

तर तुमच्या मुलीचा शिपाई. ‘अ‍ॅज यू लाइक इट’मधला हा उतारा, म्हणजे साधारण १६०० च्या आसपासची भाषा, आणि तेव्हा हा जुना अर्थ ताजा होता. शिपाई कुणावरही जळत नाही. त्याच्याजवळ एकच मालमत्ता आहे, अब्रू, आणि तिच्यावर तो डोळ्यांत तेल घालून पहारा देतो. कुणी नुसतं वाकडं बोललं तरी हात तलवारीवर. त्याच ओळीत पुढे तो भांडायला एका पायावर तयार असल्याचं सांगितलंच आहे. परीक्षेत मराठीत अर्थ लिहायचा असेल तर ‘आपल्या अब्रूला जपणारा’ एवढं पुरे. मी भाषांतर करत असतो तर ‘मानाच्या बाबतीत तिखट’ असं लिहिलं असतं, आणि समासात तांबडी रेघ येते का याची वाट बघितली असती.